अठ्ठाविसाव्या प्रकरणापाशी अडलेला वाचनगट

ही हकिगत एका वाचनगटाची आहे. मी त्या गटात नाही. संयोजिकेची टिपणं आणि नंतर तिघाचौघांशी झालेलं बोलणं यांवरून ती लिहिली आहे. ज्या पती-पत्नीभोवती सगळं घडलं, त्या दोघांनी लिहायला परवानगी दिली आणि मजकूर आधी वाचला. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

पार्श्वभूमी

गटात पंधराएक माणसं. महिन्यातून एकदा भेटायचं, ठरलेला भाग घरी वाचून यायचं आणि दोन तास बोलायचं, अशी पद्धत. वयं पंचविशीपासून सत्तरीपर्यंत. एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे 'सर' म्हणतात. दोघी-तिघी नोकरी सांभाळून वाचणाऱ्या तरुणी. आणि एक मध्यमवयीन जोडपं, जे एकाच प्रतीत दोन खुणा घालून वाचत असे. पतीची खूण कायम पुढे असायची, पत्नीची मागून यायची.

पुस्तक ठरलं मार्गारेट ॲटवूड यांचं 'द हँडमेड्स टेल'. 1985 साली आलेली ही कादंबरी. अमेरिकेतली सत्ता उलथवून गिलियड नावाचं धर्मराज्य उभं राहिलं आहे, जन्मदर कोसळला आहे, आणि मूल होऊ शकेल अशा बायका सत्ताधारी कमांडरांच्या घरी गर्भ वाहण्यापुरत्या ठेवल्या जातात. निवेदिका त्यांतलीच एक. तिला 'ऑफ्रेड' म्हणतात, म्हणजे फ्रेड नावाच्या माणसाची. बायकांना वाचायला-लिहायला बंदी आहे, त्यामुळे दुकानांच्या पाट्यांवरही अक्षरं नाहीत. दूधदुभत्याच्या दुकानावर तीन अंडी, एक मधमाशी आणि एक गाय रंगवलेली आहे, तेवढ्यावरून ओळखायचं.

शेहेचाळीस प्रकरणं आणि शेवटची 'ऐतिहासिक टिपणं' यांची चार बैठकांत वाटणी केली. सोळाव्या प्रकरणात काय आहे ते संयोजिकेने आधीच स्पष्ट सांगितलं होतं: कमांडर, त्याची बायको आणि निवेदिका यांच्यातला तो 'विधी'. वाचवत नसेल तर सोडून द्या, कुणी विचारणार नाही, असंही सांगितलं. दोघांनी ते सोडलं आणि खरोखरच कुणी विचारलं नाही. या पुस्तकात अडचण आलीच तर तिथे येईल, असं सगळ्यांनी धरलं होतं. ती आली भलत्याच ठिकाणी.

पहिल्या दोन बैठका

पहिल्याच बैठकीत सरांनी मुद्दा काढला: हे सगळं अतिशयोक्त आहे, इतक्या थोड्या काळात इतका बदल होत नसतो. संयोजिका तयारीने आली होती. इतिहासात कुठे ना कुठे घडलं नाही असं काहीही कादंबरीत घालायचं नाही, हा लेखिकेने स्वतःला घातलेला नियम तिने सांगितला आणि उदाहरणं मांडली. रोमानियात चाउशेस्कूच्या राजवटीने 1966 साली काढलेला 770 क्रमांकाचा हुकूम, ज्याने गर्भपातावर जवळपास बंदी आली. 1976 ते 1983 या काळातली अर्जेंटिनाची लष्करी राजवट, जिने कैदेत बाळंत झालेल्या बायकांची मुलं काढून दुसऱ्यांना दिली. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांचे गुलामांना लिहा-वाचायला शिकवण्याविरुद्धचे कायदे. शिवाय 1984 साली पश्चिम बर्लिनमध्ये, म्हणजे भिंत उभी असताना, हे लेखन सुरू झालं होतं.

सरांचं समाधान झालं. बैठक उत्तम झाली असं सगळ्यांना वाटलं. मला मात्र टिपणं वाचताना वाटतं की पुढच्या गोंधळाची सुरुवात इथेच झाली. असं घडू शकतं का, या प्रश्नाला या उदाहरणांनी चोख उत्तर मिळतं, पण त्याच वेळी सगळं दूरही जातं. रोमानिया, अर्जेंटिना, सतराव्या शतकातले अमेरिकेतले कडवे ख्रिस्ती प्युरिटन. दोन्ही बैठकांत गट जगभर फिरून आला. प्रत्येक दुष्ट माणसाच्या अंगावर गणवेश होता.

अडचण

तिसरी बैठक पंचविसाव्या प्रकरणापासून होती, म्हणजे तिच्यात अठ्ठाविसावं होतं. त्यात निवेदिका जुना दिवस आठवते. सकाळी ती सिगारेट घ्यायला कोपऱ्यावरच्या दुकानात जाते. तिथे नेहमीची बाई नाही, कुणी अनोळखी पुरुष आहे, आणि तिचं कार्ड चालत नाही. नंतर ती कामावर, ग्रंथालयात जाते. दुपारी संचालक येऊन सगळ्या बायकांना सांगतो की तुम्हाला जावं लागेल, नवा कायदा आहे. बाहेर बंदूकधारी उभे आहेत. मग मैत्रीण मॉयरा येऊन उलगडा करते: बायकांची सगळी खाती गोठवली आहेत आणि पैसे नवऱ्याच्या किंवा जवळच्या पुरुष नातेवाइकाच्या नावावर जातील. संध्याकाळी नवरा ल्यूक घरी येतो, तिला जवळ घेतो आणि म्हणतो की ती फक्त नोकरी होती, मी आहे ना, मी तुझी काळजी घेईन.

पती म्हणाले, "पुस्तकात बरे पुरुष फार कमी आहेत. ल्यूक त्यांतला एक. त्याने आणखी काय करायला हवं होतं?"

एक तरुणी म्हणाली की तिला त्याचा राग आला. पतींनी विचारलं, का? तिला नेमकं सांगता येईना. तेव्हा पत्नी बोलल्या. आधीच्या दोन्ही बैठकांत त्या फारशा बोलल्या नव्हत्या.

"मला कळतं तिला का राग आला ते. मूल झाल्यावर मी नोकरी सोडली. पगाराचं खातं बंद झालं. हे म्हणाले, काय हवं ते माग, मी आहे ना. आणि खरंच, कधी नाही म्हणाले नाहीत. पण मागायला लागले मी."

यानंतर जे झालं त्याची संयोजिकेची टिपणं तुटक आहेत, पण क्रम स्पष्ट आहे. सर म्हणाले, तुलना होत नाही, तिथे राज्याने बंदूक रोखली आहे. कुणीतरी विचारलं, नोकरी तुम्ही स्वतःच सोडलीत ना? दुसऱ्या कुणी विचारलं, मग परत का धरली नाहीत? आणखी कुणी मदतीच्या भावनेने म्हणालं, की दादा तर किती मोकळ्या मनाचे आहेत. प्रत्येक प्रश्न सभ्य होता. पण ते सगळे एकाच माणसाला विचारले जात होते आणि ल्यूक कधीच मागे राहिला होता. शेवटी पती म्हणाले, "म्हणजे मी कोण? कमांडर?"

पत्नींनी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी संयोजिकेला निरोप आला: पुढच्या बैठकीला मी येणार नाही. हे येतील.

एक गोष्ट जी उशिरा कळली

पतींनी पुस्तकाआधी मालिका पाहिली होती. 2017 साली सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेत ल्यूक जिवंत आहे, कॅनडात पोचलेला आहे आणि बायकोला सोडवायला धडपडतो आहे. कादंबरीत ल्यूकचं काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही. निवेदिका एकाच वेळी तीन गोष्टी मानत असते: तो मेला, तो कैदेत आहे, तो निसटला. म्हणजे पती ज्या ल्यूकची बाजू घेत होते तो पुस्तकातला नव्हताच. गटातल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर मालिकेतला चेहरा होता आणि उरलेल्यांना त्याचा पत्ताही नव्हता. एकाच नावाच्या दोन माणसांवर वाद चालला होता.

समोर असलेले पर्याय

संयोजिकेने चार वाटा मांडून पाहिल्या.

पुस्तक इथेच थांबवायचं आणि पुढच्या महिन्यात दुसरं घ्यायचं. सोपं होतं. पण त्यातून बोललेल्या बाईमुळे पुस्तक बंद पडलं असा अर्थ निघाला असता, आणि तिने पुन्हा तोंड उघडलं नसतं.

उरलेला भाग बायकांनी वेगळा वाचायचा. दोघींनी हे आपणहून सुचवलं होतं. संयोजिकेला ते पटत होतं, पण पतींना त्यात शिक्षा दिसली असती. शिवाय ज्या पुस्तकात पुरुष आणि बायका वेगवेगळ्या रांगांत उभ्या आहेत ते तसंच वाटून वाचायचं, हे तिला विचित्र वाटलं. मला या पर्यायाला तिने दिला त्याहून जास्त वजन द्यावंसं वाटतं. काही गोष्टी आधी सुरक्षित ठिकाणी बोलून झाल्या की मग सगळ्यांसमोर बोलता येतात.

तिसरा पर्याय असा: यापुढे फक्त पुस्तकावर बोलायचं, स्वतःचे अनुभव आणायचे नाहीत. सरांचा कल इकडे होता आणि अनेक गट हा नियम पाळतातही. शिस्त राहते. पण ही कादंबरीच मुळात एका बाईची साक्ष आहे. तिचं सांगणं खरं मानायचं की नाही, हा प्रश्न पुस्तकाच्या पोटातच आहे. ते वाचताना समोरच्या बाईला साक्ष द्यायची मनाई करणं म्हणजे पुस्तकाकडे पाठ करूनच बसणं.

चौथा: अनुभव सांगायला मोकळीक ठेवायची, पण त्यावर प्रश्न विचारायचे नाहीत, प्रश्न फक्त पानांना विचारायचे. जो दावा कराल त्याचं पान दाखवायचं.

संयोजिका चौथ्याकडे झुकली, आणि त्यामागचं कारण पुस्तकातलंच होतं. तेराव्या प्रकरणात रेड सेंटरमध्ये, म्हणजे या बायकांना तयार करतात त्या केंद्रात, त्यांतल्याच जनीनला तिच्यावर झालेल्या सामूहिक बलात्काराची हकिगत सांगायला लावतात आणि भोवती बसलेल्या बायकांकडून चूक कुणाची ते एका सुरात म्हणवून घेतात: तिची, तिची. पहिल्या बैठकीत हा प्रसंग सगळ्यांना भयंकर वाटला होता. तिसऱ्या बैठकीत कुणी एका सुरात बोललं नव्हतं, पण बसण्याची रचना तीच झाली होती: मध्ये एक बाई, भोवती प्रश्न.

फोन

ठरवण्याआधी तिने पत्नींना फोन केला. या सगळ्या घटनेतला हा सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय होता असं मला वाटतं. परत या, असं तिने म्हटलं नाही. तुम्हाला काय हवं आहे, एवढंच विचारलं.

माफी नको होती. कुणी पतींशी बोलावं असंही नको होतं. "त्यांच्याशी मी बोलेन किंवा बोलणार नाही, ते माझं मी बघेन." हवं होतं ते वेगळंच. "तुम्ही सगळ्यांनी ते प्रकरण अर्ध्यावर सोडलं आणि माझ्याकडे वळलात. ल्यूक काळजी घेईन म्हणतो तिथे थांबलात. त्यानंतर ती काय म्हणते ते कुणी वाचलंच नाही. ते मोठ्याने वाचा. मी येते."

काय केलं

चौथी बैठक ठरलेल्या भागाने सुरू झाली नाही. आधी संयोजिकेने नवे नियम सांगितले, आणि मालिका व पुस्तक यांतला ल्यूक वेगळा कसा, तेही. मग अठ्ठाविसाव्या प्रकरणाचा शेवट वाचायला सरांना दिला. पती वाचतील का, असा विचार तिच्या मनात आला होता, पण तो सापळा झाला असता. एखाद्या तरुणीने वाचला असता तर तो आरोप वाटला असता. सरांचा आवाज कोरडा, शब्द स्पष्ट.

त्या शेवटात असं आहे. रात्री ल्यूकला तिच्या जवळ यायचं आहे, तिला नको आहे. तिच्या मनात येतं की याला या बदलाचं काही वाटत नाहीये, कदाचित बरंच वाटत असेल. आता आम्ही एकमेकांचे राहिलो नाही, मी त्याची झाले. आणि लगेच ती स्वतःलाच बजावते की हे मनात येणं अन्यायाचं आहे, खोटं आहे, पण तेव्हा मनात तेच आलं. मग थेट ल्यूकला विचारते: माझं बरोबर होतं का? कारण आपण त्याबद्दल कधी बोललोच नाही. बोलता आलं असतं तोवर मला विचारायची भीती वाटायला लागली होती. तुला गमावणं मला परवडणारं नव्हतं.

सरांनी वाचून पुस्तक मांडीवर ठेवलं. थोड्या वेळाने एक तरुण मुलगा म्हणाला, "म्हणजे ल्यूक वाईट आहे असं पुस्तक म्हणतच नाहीये."

तरुणी म्हणाली, "चांगला आहे असंही नाही. तिला विचारताच आलं नाही, एवढंच म्हणतंय. आणि विचारता येत नव्हतं कारण सगळं त्याच्याकडे गेलं होतं."

इथून पुढचा अर्धा तास, टिपणांवरून तरी, गटाने त्या पुस्तकावर केलेलं सगळ्यांत चांगलं वाचन आहे. माणूस चांगला असणं आणि त्याच्या हाती सगळं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कायदा आला की चांगल्या माणसाला काहीच करावं लागत नाही, नुसतं घरी यायचं असतं. कुणीतरी विचारलं, मग ल्यूकने काय म्हणायला हवं होतं? उत्तरं येत गेली आणि प्रत्येक उत्तर पानावर तपासलं गेलं. मोर्चे निघाले होते, पण लोकांवर गोळीबार झाला आणि ते थांबले. घरात बसून काय करता आलं असतं? एकीने म्हटलं, काळजी घेईन म्हणण्याऐवजी निदान रागावता आलं असतं. तो शांत होता, हेच तिला खटकलं.

पती गप्प होते. पत्नींनीही पुन्हा स्वतःचं काही सांगितलं नाही.

मग शेवटची 'ऐतिहासिक टिपणं'. जोडलेलं परिशिष्ट समजून अनेक वाचक ती सोडतात. 2195 साली एक परिषद भरली आहे आणि प्राध्यापक पिएशोतो भाषण देत आहेत. अमेरिकेतल्या मेन राज्यात, बँगोर इथे लोखंडी पेटीत तीसेक ध्वनिफिती सापडल्या, त्यांवरून आपण वाचली ती कथा जुळवलेली आहे. प्राध्यापक विनोद करतात, श्रोते हसतात. गिलियडचा नैतिक न्याय करताना सांभाळा, असं ते सुचवतात. त्यांना जास्त उत्सुकता आहे ती कमांडर नेमका कोण होता याची. त्याच्या खासगी संगणकातली वीसेक छापील पानं जरी मिळाली असती तरी किती बरं झालं असतं, असं ते हळहळतात. एवढी अख्खी साक्ष हातात असताना.

बहुतेकांना संताप आला. सरांना नाही. ते म्हणाले, इतिहासकाराने हेच करायला हवं. ध्वनिफिती खऱ्या कशावरून, क्रम कुणी लावला, हे विचारलं नाही तर उद्या कुणीही काहीही सांगेल. संयोजिकेच्या ओठांवर आलं होतं की तिसऱ्या बैठकीत आपणही हेच केलं. तिने ते गिळलं. पत्नींनी मात्र सरांना एकच विचारलं: "तपासा की. पण तो हसतो का?"

सरांनी मान्य केलं की हसण्याची गरज नव्हती. बाकी मुद्दा त्यांनी सोडला नाही, आणि माझ्या मते तो सोडण्यासारखाही नव्हता.

निष्पत्ती

गट टिकला. प्रश्न पानांना विचारायचे, हा नियम पुढच्या पुस्तकांनाही लागू झाला. कंटाळवाण्या पुस्तकात तो फार जाचतो आणि तरुण मंडळी कधी कधी सरळ मोडतात.

पत्नी नियमित येतात. पती त्या पुस्तकानंतर दोन-तीन महिने आले नाहीत, मग अधूनमधून येऊ लागले. घरी काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. मजकूर परत पाठवताना पतींनी एक दुरुस्ती मात्र सुचवली: 'कधी नाही म्हणाले नाहीत' हे वाक्य पत्नींच्या तोंडी आहे ते तसंच ठेवा, पण आपल्याला त्या वेळी ते कौतुक वाटलं होतं, हेही लिहा. लिहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

मालिकेचा विषय पहिल्याच दिवशी काढायला हवा होता. गाजलेल्या पुस्तकांच्या बाबतीत निम्मा गट पाहून आलेला असतो, हे आता गृहीतच धरावं लागतं. या पुस्तकात तर फरक मोठे आहेत. मालिकेत निवेदिकेला जून हे नाव आहे. कादंबरी तिचं खरं नाव कुठेही सांगत नाही.

प्रसंगाच्या क्षणी संयोजिका काय करू शकली असती, यावर आमचं दोघींचं एकमत नाही. तिचं म्हणणं, दुसऱ्याच प्रश्नाला 'थांबा, आपण ल्यूककडे परत जाऊ' असं म्हणणं पुरेसं होतं. मला वाटतं, तेवढ्याने पत्नींचं बोलणं विषयांतर ठरलं असतं. त्याऐवजी 'त्यांनी सांगितलं ते आपण ऐकलं, आता त्याच नजरेने पुढचा परिच्छेद वाचू' असं म्हटलं असतं तर प्रकरणाचा शेवट त्याच दिवशी वाचून झाला असता.

पतींशी न बोलण्याचा निर्णय मात्र अवघड आहे. पत्नींनी स्पष्ट नको म्हटल्यावर संयोजिकेला दुसरी वाट नव्हती. पण त्यामुळे चौथ्या बैठकीत काय होणार याची पतींना कल्पना नव्हती. बदललेला क्रम आधी सगळ्यांनाच कळवता आला असता: सुरुवात अठ्ठाविसाव्या प्रकरणाच्या शेवटाने करू, तो पुन्हा वाचून या. त्यात कुणाचंही गुपित फुटत नव्हतं, आणि त्यांना ती पानं आधी एकट्याने वाचायला मिळाली असती.

हीच कादंबरी पुन्हा घेतली तर वाटणी बदलायची, असं संयोजिकेने ठरवलं आहे. अठ्ठाविसाव्या प्रकरणाला आख्खी एक बैठक, आणि रोमानिया-अर्जेंटिना वगैरे त्याच्या नंतर.